विद्यार्थ्यांचे वजन आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रकृतीची चर्चा आपल्याकडे दोनच निमित्तांनी होते. परीक्षेच्या ताणापायी एखाद्याने जिवाचे बरेवाईट केले म्हणजे, आणि सुटीत घरी आलेल्या मुलाला पाहून आईने 'किती वाळलास रे' किंवा मावशीने 'चांगलाच सुटलास की' म्हटले म्हणजे. पहिली चर्चा वृत्तपत्रांतून चार दिवस चालते. दुसरी जेवणाच्या पानावरच संपते. या दोहोंच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश आहे, म्हणजे तीन-चार वर्षे रोज थोडी थोडी तुटणारी झोप, अवेळी खाणे, तासन् तास बसून राहणे आणि मनावरचे न उतरणारे ओझे, त्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कोणाकडेच नाही.

हा विषय निघालाच तर त्याचे ठरीव स्पष्टीकरण तयार असते. नव्या पिढीला जिभेचे चोचले फार, हातातला मोबाईल सुटत नाही, व्यायामाचा कंटाळा. दुसरे काय होणार? या स्पष्टीकरणात तथ्य अजिबात नाही असे नाही. परंतु ते सोयीचे आहे, आणि ज्यांना ते सोयीचे आहे त्यांत महाविद्यालये, खानावळवाले, उपाहारगृहाचे ठेकेदार आणि परीक्षांच्या तारखा ठरवणारे असे सारेच येतात. विद्यार्थ्याचे वजन हा केवळ त्याच्या स्वभावाचा परिणाम मानला की या सर्वांची सुटका होते. वस्तुतः विद्यार्थ्याच्या हाती असलेला वेळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असतात, आणि त्या दोहोंची वाटणी कशी व्हावी हे बव्हंशी दुसऱ्यांनीच ठरवून ठेवलेले असते.

पुण्याजवळची सहा खेडी

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९९३ मध्ये पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅमच्या आसपास भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे तेच वजन ३.५ किलोग्रॅमच्या घरात होते. आपली बालके लहान आणि किरकोळ, यात नवल नव्हते. नवल होते ते पुढेच. या किरकोळ देहांत स्नायू कमी होते, परंतु चरबी त्या मानाने कमी नव्हती.

ही बालके पुढे वाढली, शाळेत गेली आणि संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. ती अठरा वर्षांची झाली, म्हणजे नेमकी महाविद्यालयात येण्याच्या वयाची झाली, तेव्हाच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय मानाने ही मुले बुटकी आणि सडपातळच होती. तरीही त्यांच्यातील ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहपूर्व अवस्थेत होत्या. अठराव्या वर्षी! ज्यांची साखर बिघडली होती त्यांच्या रक्तातील साखरेचे प्रमाण सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांहून काहीसे वरचेच होते, असेही दिसून आले. तेव्हा या दोषाची मुळे महाविद्यालयापूर्वीची, किंबहुना जन्मापूर्वीची आहेत, हे मान्य करावयास हवे. पण म्हणूनच महाविद्यालयाची जबाबदारी वाढते. आधीच तडा गेलेल्या भिंतीवर आपण तीन वर्षे कोणते ओझे ठेवणार आहोत, हा खरा प्रश्न आहे.

याच डॉ. याज्ञिकांचे एक छायाचित्र वैद्यकीय जगात गाजले. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ मध्ये ते छापले गेले. त्यात ते स्वतः आणि ब्रिटनमधील प्राध्यापक जॉन युडकिन असे दोघे शेजारी शेजारी आहेत. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी निर्दोष. शरीरातील चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. दुसरे म्हणजे अर्थातच आपले पुणेकर डॉक्टर. काट्यावरचा आकडा भारतीय माणसाबाबत किती फसवा ठरू शकतो, याचा याहून सोपा पुरावा शोधून सापडणार नाही. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत हा निर्देशांक २५ झाल्यावर जी धोक्याची घंटा वाजवतात, ती भारतीयांसाठी २३ वरच वाजवावी असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवले.

तात्पर्य, 'वाळलास' आणि 'सुटलास' ही दोन टोके वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. ताणाखाली काही विद्यार्थ्यांचे खाणे वाढते, काहींची अन्नावरची वासनाच उडते. पहिल्याची चेष्टा होते, दुसऱ्याचे तर कौतुकही होते. दोघांच्याही पोटात सकाळी अन्न नसते, रात्री झोप नसते आणि दोघेही चालणे-फिरणे विसरलेले असतात.

भूक कोठून येते

ताण आणि वजन यांच्यामधला दुवा बहुतेकांना केवळ मानसिक वाटतो; मन उदास झाले की माणूस खातो, इतकेच. तो शारीरिकही आहे. सततच्या ताणात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि ते पोटाभोवती चरबी साठवण्यास साहाय्य करते. त्याहून सरळ दुवा झोपेचा आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. या तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, आणि दुसऱ्या एका वेळी दहा-दहा तास. कमी झोपेनंतर तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि भूक २४ टक्क्यांनी वाढल्याचे त्या तरुणांनी सांगितले. वासना विशेषेकरून गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची होती. बारा माणसांचा प्रयोग म्हणजे काही जनगणना नव्हे. तथापि रात्री दोन वाजता वसतिगृहात नूडल्सचे पातेले का चढते, याचा उलगडा होण्यास तो पुरेसा आहे.

परगावाहून पुण्यात शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याचा दिवस पाहावा. सकाळी सात-साडेसातला तास. त्या वेळी खानावळ उघडलेली नसते, म्हणून चहा आणि क्रीमरोल किंवा नुसताच चहा. साडेदहाच्या सुटीत वडापाव अथवा सामोसा. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान खानावळीचे ताट; प्रात्यक्षिक लांबले तर तेही हुकते. संध्याकाळी अभ्यासिका. अभ्यासिकेत एका खुर्चीचे मासिक भाडे भरलेले असते आणि ते वसूल व्हावे म्हणून विद्यार्थी जागचा हलत नाही. हलतो तो चहासाठी. दाट, गोड चहाचे सहा कप दिवसाकाठी होतात. कपाला दोन चमचे साखर धरली तरी बारा चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर झाली. दिवसाला दोन हजार उष्मांक घेणाऱ्या माणसाने वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा ओलांडू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ती नेमकी एवढीच आहे. बिस्किटे, शीतपेये आणि वाढदिवसाचा केक यांचा जमाखर्च अजून मांडलेलाच नाही.

खानावळीचे अर्थशास्त्रही मोठे उद्बोधक आहे. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात. 'खाडा' धरायचा तर आधी सांगावे लागते आणि अनेक ठिकाणी सलग काही दिवस गैरहजर राहिल्याशिवाय तो धरत नाहीत. तेव्हा भूक नसली तरी पैसे बुडू नयेत म्हणून जेवणे हा व्यवहार ठरतो. थाळी 'अमर्याद' असली तर चौथ्या पोळीची आणि दुसऱ्या भाताची किंमत विद्यार्थ्याच्या दृष्टीने शून्य असते. खानावळवाल्याच्या दृष्टीने मात्र ती शून्य नसते, म्हणून तो बटाट्याचे आणि भाताचे प्रमाण वाढवतो, उसळ पातळ करतो आणि पालेभाजीला वारांत बसवतो. रविवारी सकाळी गोडाचे जेवण आणि संध्याकाळी खानावळ बंद, हा पुण्यातला जुनाच रिवाज. त्या संध्याकाळी जे पोटात जाते त्याला जेवण म्हणावे की नाही, हा वादाचा मुद्दा आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये एक साधे वाटणारे तत्त्व मांडले. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिला मोजलेले पैसे अधिक ती उपभोगण्यासाठी लागणारा वेळ. हे तत्त्व विद्यार्थ्याच्या आहारास लावले की पुष्कळ गोष्टी स्वच्छ होतात. पौष्टिक अन्न महाग असते असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. केळी, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, उकडलेले अंडे या काही चैनीच्या वस्तू नव्हेत. दोन केळी बहुधा वडापावाहून स्वस्तच पडतात. पण साडेदहाच्या पंधरा मिनिटांच्या सुटीत, जिन्याखाली, हात पुढे करताच जे मिळते ते वडापाव असते. फळांची गाडी फाटकापासून अर्धा मैल दूर असेल तर केळ्याची किंमत पुढच्या तासाची हजेरी एवढी होते. मग ताणाने बेजार झालेला मुलगा काय निवडणार? त्याची निवड मूर्खपणाची नाही. त्याच्यापुढे मांडलेल्या किमती पाहता ती शहाणपणाचीच आहे.

ठेका कोणाला?

या किमती मांडतो कोण? महाविद्यालयाच्या उपाहारगृहाचा ठेका सामान्यतः जो अधिक भाडे देईल त्याला दिला जातो. अधिक भाडे देणाऱ्याला ते वसूल करावयाचे असते. बेसन, मैदा, बटाटा आणि तेल यांवर सुटणारा नफा, नासणाऱ्या फळांवर किंवा निवडण्यास वेळ लागणाऱ्या भाज्यांवर सुटत नाही. कढईतील तेल पुन्हा पुन्हा तापवू नये म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलाच्या खराबीची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. ती किती महाविद्यालयांच्या कढयांत मोजली जाते, हे प्राचार्यांनी एकदा ठेकेदारास विचारून पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०१६ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांच्या आवारात निकस पदार्थांची विक्री थांबवावी अशी सूचना केली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तिची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. एकाच सूचनेचे स्मरणपत्र पाठवावे लागणे यातच पहिल्या पत्राचे काय झाले ते आले.

शासनाच्या करधोरणानेही यात आपला वाटा उचलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. गोड शीतपेयांवर ४० टक्के कर बसला, आणि आरोग्याच्या दृष्टीने हे योग्य पाऊल म्हणून त्याचे स्वागतही झाले. पण पूर्वीचा कर आणि उपकर मिळून त्यांवरचा भार जवळजवळ तेवढाच होता. त्याच दिवशी नमकीन, बिस्किटे, चॉकलेटे आणि झटपट नूडल्स यांवरचा कर मात्र १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या किराण्याला दिलासा मिळाला हे खरे, परंतु वसतिगृहातील पत्र्याच्या पेटीत ज्या वस्तू असतात नेमक्या त्याच स्वस्त झाल्या, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब आणखी अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. त्याच फेरीत देशभरात या वयाच्या २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आणि १८.७ टक्के स्त्रियांचे प्रमाणाखाली आढळले. म्हणजे उणे आणि अधिक दोन्ही एकाच वर्गात, कित्येकदा एकाच बाकावर. मुलीच्या वजनावर बोलण्याचा अधिकार सर्वांना असतो. घरच्यांना, शेजाऱ्यांना, पुढे सोयरीक घेऊन येणाऱ्यांनाही. त्यामुळे उपास, एक वेळचे जेवण सोडणे आणि कोठेतरी पाहिलेले अघोरी आहार हे उपाय चोरून चालतात. दुसऱ्या बाजूने, वसतिगृहाचे दार संध्याकाळी सात-आठला बंद होते, मैदानावर क्रिकेटवाल्या मुलांचा ताबा असतो आणि रस्त्यावर एकटीने धावण्याची सोय नाही. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने तिचे चालणेच बंद होते. याची दखल वसतिगृहाच्या कोणत्याही समितीने घेतल्याचे क्वचितच ऐकू येते.

जुनाच प्रश्न

हा प्रश्न आजचा आहे असे मात्र कोणी समजू नये. १८९० च्या दशकात न्यायमूर्ती रानडे यांनी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा प्रश्न जाहीरपणे मांडला होता आणि परीक्षांच्या बोज्याचा त्याच्याशी संबंध जोडला होता. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील आपले पहिले वर्ष व्यायामाला आणि प्रकृती कमावण्याला दिले, आणि त्या वर्षाची परीक्षा त्यांनी घालवली, ही कथा मराठी शाळांतील मुलांनाही ठाऊक असते. ती सांगताना टिळकांच्या निश्चयाची थोरवी गायिली जाते. ज्या शिक्षणात प्रकृती कमवायची तर एक वर्ष गमवावे लागते, त्या शिक्षणाविषयी मात्र कोणी काही बोलत नाही. आजच्या विद्यार्थ्याला एक वर्ष घालवणे परवडणारे नाही. त्याच्या शिक्षणासाठी घरी कर्ज काढलेले असते किंवा शेताचा तुकडा गहाण पडलेला असतो.

सत्र पद्धतीत परीक्षा वर्षातून दोनदा आल्या, अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, सादरीकरणे यांची त्यात भर पडली. प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे पाहिली तर समर्थनीय आहे. परंतु एका विभागाची चाचणी, दुसऱ्याचा प्रकल्प आणि तिसऱ्याची तोंडी परीक्षा एकाच आठवड्यात येऊ नये, हे पाहणारा कोणी नसतो. पदवीनंतरही सुटका नाही. राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा २५ ऑगस्ट २०२४ रोजी व्हावयाची होती. त्याच दिवशी बँकांची परीक्षा असल्याने पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि ती पुढे जाऊन १ डिसेंबरला झाली. आंदोलन रास्त होते. पण अभ्यासिकेतील खुर्चीवर तीन महिने अधिक बसण्याची जी किंमत त्या हजारो देहांनी मोजली, तिचा उल्लेख कोणत्याही परिपत्रकात असणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक असावा असा निर्देश दिला. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि समुपदेशकाने 'वेळेवर झोप, वेळेवर जेवण' सांगायचे आणि वेळापत्रकाने ते अशक्य करायचे, असे होऊ लागले तर त्या बिचाऱ्याची नेमणूक केवळ अहवालाच्या शोभेपुरती उरेल. त्याच वर्षी वजन उतरवणारी नव्या पद्धतीची इंजेक्शनेही भारतीय बाजारात आली. ज्या घरांना परवडेल ती घरे पुढे मुलांसाठी तीही घेतील. परवडणारी घरे किती, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

महाविद्यालयांनी करण्यासारख्या गोष्टी खर्चिक नाहीत. उपाहारगृहाच्या निविदेत भाड्याबरोबरच फळे, अंडी, उसळ आणि बिनसाखरेचे ताक रोज ठेवण्याची अट घालता येते. भाडे थोडे कमी येईल, इतकेच. सकाळच्या पहिल्या तासानंतरची सुटी पंधराऐवजी पंचवीस मिनिटांची करता येते. जिमखान्याचे शुल्क सर्वांकडून घेतले जाते आणि खर्च होते ते आंतरमहाविद्यालयीन संघातील मोजक्या खेळाडूंवर. संध्याकाळचा एक तास मैदान फक्त मुलींसाठी आणि एक तास संघात नसलेल्यांसाठी राखून ठेवण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. आणि प्रथम वर्षाच्या प्रवेशाबरोबर जी वैद्यकीय तपासणी होते, उंची, वजन, दृष्टी असे रकाने भरून जिचे कागद फडताळात जातात, ती तृतीय वर्षात पुन्हा एकदा करावी. रकान्यांत एकाची भर घालावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे गेला तर भारतीयांच्या बाबतीत तो धोक्याचा मानतात, आणि तो मोजण्यास शिंप्याची मोजपट्टी पुरते. दोन वेळचे आकडे नावे वगळून फलकावर लावले, तर आपल्या आवारात तीन वर्षांत काय घडते हे विद्यार्थ्यांप्रमाणेच प्राध्यापकांनाही वाचता येईल. संस्थाचालकांच्या पुढल्या बैठकीत उपाहारगृहाच्या ठेक्याचा विषय निघेल तेव्हा ते आकडे टिपणीला जोडलेले असावेत.